पाटीवरचे उरलेले चाळीस टक्के

बेळगावात गणपत गल्लीतून खडेबाजारापर्यंत चालत गेले, तर शेकडो पाट्या नजरेखालून जातात. वर कन्नड, खाली बहुधा इंग्रजी. अनेक ठिकाणी मालक मराठी, गिऱ्हाइकाशी बोलणे मराठीत, पण पाटीवर मराठीचे एक अक्षर नाही. याचे सारे खापर आपण कायद्यावर फोडतो. तो कायदा नेमके काय सांगतो, हे पाहिले पाहिजे.

कर्नाटक सरकारने २०२४ मध्ये कन्नड भाषा समग्र विकास कायद्यात दुरुस्ती केली. दुकाने, हॉटेले, इस्पितळे यांच्या नामफलकावर ६० टक्के मजकूर कन्नडमध्ये आणि तो वरच्या भागात असावा, अशी ही तरतूद आहे. उरलेले ४० टक्के इंग्रजीतच लिहा, असे त्यात नाही. ती जागा मालकाची आहे आणि ती आपण आपण होऊन इंग्रजीला देऊन टाकली आहे. मराठी पाटीला काळे फासले जाण्याची भीती खोटी नाही, तसे प्रकार घडलेले आहेत. पण ज्या गल्लीत भीतीचे कारण नाही, तिथेही इंग्रजीच दिसते.

दुकानाच्या पाटीपेक्षा सरकारी सूचनेचे महत्त्व जास्त. दुकानात काय मिळते ते बाहेरून दिसते. घरपट्टीची मुदत किंवा मतदार यादीवरील हरकतीची तारीख वाचल्याशिवाय कळत नाही. १९५६ च्या भाषिक अल्पसंख्याक संरक्षण योजनेनुसार, जिल्ह्यात किंवा तालुका-नगरपालिकेसारख्या लहान भागात अल्पसंख्याक भाषकांचे प्रमाण १५ ते २० टक्के असेल, तर महत्त्वाच्या सूचना व नियम त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध व्हावेत, असे ठरले होते. बेळगाव व खानापूर तालुक्यांत मराठी भाषक याहून कितीतरी अधिक आहेत. त्याच वर्षी घटनेत कलम ३५० ब आले आणि अशा संरक्षणांवर देखरेखीसाठी खास अधिकाऱ्याची तरतूद झाली.

बँकेच्या नोकरीत हे रोज दिसे. फॉर्मवर राज्यभाषा, हिंदी आणि इंग्रजी. आपल्याकडची वयस्कर मंडळी हिंदीची ओळ देवनागरी म्हणून वाचत आणि ‘शेष’ म्हणजे शिल्लक, असा अर्थ लावून घेत. पैशाचे व्यवहार असे अंदाजाने होणे बरे नव्हे.

मात्र जो न्याय आपण मागतो, तो दुसऱ्यालाही द्यायला हवा. अकोला जिल्ह्यातील पातूर नगरपरिषदेच्या फलकावर मराठीखाली उर्दूही होती. ती काढावी, यासाठी प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १५ एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने उर्दू राहू दिली. मराठीसोबत आणखी एक भाषा वापरण्यास महाराष्ट्राच्या २०२२ च्या कायद्यात मनाई नाही, असा हा निर्णय आहे. पातूरला उर्दू खुपत असेल, तर बेळगावात मराठी मागताना आपला आवाज आपोआप खाली येतो.

तेव्हा सभासदांनी दोन गोष्टी कराव्यात. नवी पाटी करताना कन्नड नियमाप्रमाणे मोठे व शुद्ध लिहून घ्यावे आणि खालच्या जागेत मराठी घालावी. सरकारी सूचना मराठीतही मिळावी, असा अर्ज द्यायचा तो लेखी द्यावा आणि त्याची पोच जपून ठेवावी. आणि घरातल्या मुलांना कन्नड लिपी चांगली वाचता आली पाहिजे. ज्या गावात राहायचे, तिथली प्रत्येक पाटी त्यांना वाचता यावी.