बायपासनंतर पुनर्वसन: खर्च, फेऱ्या आणि फायदा

बायपास शस्त्रक्रिया पार पडते, रुग्ण घरी येतो आणि घरातले सगळे एकच सल्ला देतात, ‘आता फक्त आराम कर.’ डिस्चार्जच्या कागदावर कुठेतरी ‘कार्डिअ‍ॅक रिहॅब’ असे लिहिलेले असते. अनेकांच्या कागदावर तेही नसते. सुमारे बारा आठवडे, आठवड्यातून दोन-तीन फेऱ्या, रिक्षाचे भाडे, सोबत येणाऱ्याची रजा आणि केंद्राचे शुल्क. शस्त्रक्रियेत घरची शिल्लक संपलेली असताना ही भर कशासाठी, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आकड्यांत शोधता येते.

आजार कायम असतो

बायपासमध्ये तुंबलेल्या जागेला वळसा घालून रक्ताला नवी वाट करून दिली जाते. रक्तवाहिन्यांत चरबीचे थर साचवणारा आजार मात्र तसाच राहतो. रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू यांकडे दुर्लक्ष झाले, तर जोडलेल्या नव्या वाहिन्याही कालांतराने तुंबू शकतात. पुनर्वसनाचा रोख इथे असतो. देखरेखीखाली हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम, औषधांची घडी, आहार, तंबाखूमुक्ती आणि मनातली भीती कमी करणे, हे सारे त्यात येते. केवळ ट्रेडमिलवर चालवणे म्हणजे पुनर्वसन नव्हे.

हृदयरुग्णाने हालचाल करावी, हा विचार तसा नवा आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत झटका आलेल्या रुग्णाला कित्येक आठवडे अंथरुणात पडून ठेवत. अमेरिकेत सॅम्युअल लेव्हाइन आणि बर्नार्ड लोन यांनी १९५२ मध्ये अशा रुग्णांना खुर्चीत बसवण्याचा आग्रह धरला, तेव्हा तोही धाडसी मानला गेला. आज अमेरिका आणि युरोपातील मार्गदर्शक सूचनांत बायपासनंतरच्या पुनर्वसनाला सर्वात ठाम श्रेणीची शिफारस आहे.

आकडे काय सांगतात

कॉक्रेन या संस्थेच्या २०२१ च्या आढाव्यात ८५ चाचण्या आणि २३,४३० हृदयरुग्ण होते. पुनर्वसन घेतलेल्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने कमी आढळले. पुन्हा झटका येणे आणि रुग्णालयात दाखल व्हावे लागणे, हेही घटले. मात्र सर्व कारणांनी होणाऱ्या एकूण मृत्यूंत स्पष्ट घट दिसली नाही. या चाचण्यांत झटका आलेले रुग्ण अधिक आणि बहुतांश पुरुष होते, हेही ध्यानात ठेवायला हवे.

फक्त बायपासच्या रुग्णांचे चित्र अधिक आशादायक आहे, पण ते जपून वाचावे लागते. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या ओल्मस्टेड परगण्यात ८४६ रुग्णांचा मागोवा घेतला गेला. पुनर्वसनाला गेलेल्यांत दहा वर्षांतला मृत्यूचा धोका ४६ टक्क्यांनी कमी होता. अडचण अशी की, जे जातात ते मुळातच अधिक धडधाकट आणि औषधे नेमाने घेणारे असू शकतात. त्यामुळे सगळे श्रेय पुनर्वसनाला देता येत नाही. झडपेच्या शस्त्रक्रियेबाबत पुरावा आणखी तोकडा आहे: २०२१ च्या आढाव्यात अवघ्या सहा चाचण्या आणि ३६४ रुग्ण.

विरोधी दाखलाही आहे. ब्रिटनमध्ये झटका आलेल्या १,८१३ रुग्णांवर झालेल्या ‘रॅमिट’ चाचणीत दोन वर्षांनंतर मृत्यूंत फरक आढळला नाही. हे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. आधुनिक औषधांमुळे मूळ धोकाच घटला असेल, तर पुनर्वसनाने पडणारी भर लहान दिसणार, असा त्याचा एक अर्थ लावला जातो.

भारतातली चाचणी

भारतातील २४ केंद्रांत झटका आलेल्या ३,९५९ रुग्णांवर ‘योग-केअर’ चाचणी झाली. बारा आठवड्यांत योगाधारित पुनर्वसनाची १३ सत्रे होती. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मृत्यू, झटका, पक्षाघात किंवा तातडीने दाखल व्हावे लागणे, यांपैकी काही घडलेल्यांचे प्रमाण योगगटात ६.७ टक्के, तर दुसऱ्या गटात ७.४ टक्के होते. हा फरक संख्याशास्त्रीय कसोटीवर उतरला नाही. मात्र योगगटातल्या रुग्णांना आपली तब्येत अधिक बरी वाटत होती आणि ते पूर्वीच्या कामांकडे अधिक प्रमाणात परतले.

या दुसऱ्या निष्कर्षाला कमी लेखू नये. रिक्षा चालवणारा, शेतात राबणारा किंवा चार माणसांचा स्वयंपाक करणारी बाई यांच्यासाठी कामावर परतणे म्हणजे घर सावरणे असते. शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही ‘छातीत काही झाले तर?’ या धास्तीने माणूस वर्षभर घरात बसतो. किती चालले की धाप लागते आणि त्यातली किती धोक्याची नाही, हे देखरेखीखाली अनुभवले की ती धास्ती कमी होते.

निर्णय कसा घ्यावा

फायदा हजेरीवर अवलंबून असतो. अमेरिकेतील मेडिकेअर विमा सहसा ३६ सत्रांचा खर्च देतो, तरीही तिथे पात्र रुग्णांपैकी जेमतेम चौथा हिस्साच पुनर्वसनाला जातो. २०१९ च्या एका जागतिक पाहणीत २०३ पैकी १११ देशांतच अशी सोय आढळली. महाराष्ट्रातही मोठ्या शहरात शस्त्रक्रिया करून गावी परतलेल्याला दर आठवड्याला तिथे जाणे परवडणारे नाही. अशांसाठी घरच्या घरी, फोनवरून पाठपुरावा ठेवून केलेल्या पुनर्वसनाचे परिणाम केंद्रातल्यासारखेच असल्याचे चाचण्या सांगतात. ज्यांचे हृदयाचे पंपिंग कमी आहे, ठोके अनियमित आहेत किंवा थोड्या श्रमानेही छातीत दुखते, त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरी व्यायाम सुरू करू नये.

पैसे भरण्याआधी काही गोष्टी विचारून घ्याव्यात. सुरुवातीला आणि शेवटी चालण्याची किंवा ट्रेडमिलची चाचणी होते का? व्यायामाच्या वेळी नाडी आणि रक्तदाब पाहिला जातो का? आहार, औषधे आणि तंबाखू यांवर बोलणारे कोणी आहे का? छातीचे हाड जुळेपर्यंत, म्हणजे साधारण दोन ते तीन महिने, काय उचलू नये हे सांगतात का? उत्तरे नकारार्थी असतील, तर तो नुसता महागडा व्यायामवर्ग ठरेल. बाह्यरुग्ण सत्रांचा खर्च विम्यात बसतो का, हेही कंपनीकडून लेखी घ्यावे.

आयुष्य नक्की किती वाढेल, याची हमी पुनर्वसन देत नाही. पुन्हा रुग्णालयात जाण्याची वेळ कमी यावी आणि माणूस लवकर कामाला लागावा, यासाठी मात्र पुरावा पुरेसा आहे. एवढ्यासाठी बारा आठवडे देणे बहुतेक बायपास रुग्णांना फायद्याचेच ठरावे. त्यामुळे डिस्चार्ज घेतानाच केंद्रात की घरी, कोणाच्या देखरेखीखाली आणि कधीपासून, हे ठरवून घ्यावे. एकदा घरी गेल्यावर हा विषय मागे पडतो.