सायकलची सैल डिस्क आणि दप्तराविना एक दिवस



आपल्या सिल्लोडमध्ये आता शाळकरी पोरांच्या सायकलींनाही डिस्क ब्रेक दिसतात. ब्रेक भारी, पण तो चालतो कसा हे बहुतेकांना ठाऊक नसतं. माझं मत सरळ आहे: ही डिस्क सैल झालेली ओळखणं आणि घट्ट करणं शाळेतच शिकवलं पाहिजे.

ही पोलादी चकती चाकाच्या हबवर बहुधा सहा बोल्टांनी बसवलेली असते. ब्रेक दाबला की दोन पॅड तिला चिमटीत धरतात आणि घर्षणाने चाक थांबतं. म्हणजे थांबवण्याचा सगळा ताण त्या छोट्या बोल्टांवर येतो. नीट आवळलेले नसतील तर खडबडीत रस्त्याच्या हादऱ्यांनी ते ढिले होतात. ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे ढकलली की 'खट्' असा आवाज येतो. हँडलचा जोड सैल असला तरी असाच आवाज येतो. म्हणून चाक धरून चकती हाताने हलवून खात्री करायची.

दुरुस्तीला बहुतेक वेळा टी-25 पाना लागतो. त्याचं तोंड सहा टोकांच्या चांदणीसारखं असतं. बोल्ट ओळीने नाही, समोरासमोरचे, थोडे थोडे आवळायचे. म्हणजे चकती सारखी बसते. फार जोर लावला तर हबचे आटे जातात, मग दुकान गाठावंच लागतं. चकतीला तेल लावायचं नाही आणि फिरत्या चकतीजवळ बोट न्यायचं नाही.

"हे मेकॅनिकचं काम, पोरांनी अभ्यास करावा," असं काही पालक म्हणतात. पण घर्षण, बल, कंपन हा विज्ञानाचाच अभ्यास आहे ना? आणि अजिंठा घाटाच्या उतारावर ब्रेक दाबताना मेकॅनिक काही सोबत नसतो.

हे नवं खूळ नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला, तो हाताने काम करत शिकण्यासाठीच. 2020 च्या शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी 10 दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांसोबत शिकण्याचे सांगितले आहेत.

त्यातला एक दिवस गावातल्या सायकलवाल्या काकांना द्या. त्यांना योग्य मानधन द्या, वर्गात 'सर' म्हणून बोलवा. आणि पाना मुलींच्याही हातात द्या. त्यांनी नुसतं बघत उभं राहायचं नाही. दुरुस्तीनंतर सायकल बाहेर काढण्याआधी मोठ्या माणसाने ब्रेक तपासावा, एवढा नियम मात्र पक्का ठेवा.