छाती धडधडते म्हणून थांबू नका

धावताना छाती धडधडते म्हणून घाबरून तुम्ही मैदानाच्या कडेला बसता का? 40 किलो वजनाचा मुलगा 3 मीटर उंच जिना चढतो, तेव्हा सुमारे 1200 जूल कार्य घडते. त्यासाठी स्नायूंना जादा प्राणवायू हवा. म्हणून हृदय जलद रक्त पुरवते. धडधड ही त्याचीच खूण! आपल्या धाराशिवच्या सारिका काळे 2016 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला खो-खो संघाच्या कर्णधार होत्या. खेळताना त्यांचेही हृदय असेच धडधडले असणार. आज पाचच मिनिटे सावकाश धावा. थांबताच नाडी मोजा. दोन मिनिटांनी पुन्हा मोजा. ठोके उतरलेले दिसतील. छातीत दुखले वा चक्कर आली, तर मात्र डॉक्टरांना दाखवा. मनोबल असे रोज थोडेथोडे, मोजूनमापून वाढवता येते.