शास्त्र प्रमाण, पण कोणाच्या भाषेतले?

१/
वरवट बकाल हे बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यातील गाव. एका अंगाला शेगाव, दुसऱ्या अंगाला सातपुड्याच्या रांगा. या पट्ट्यात ‘पोथी’ या शब्दाचे वजन कोणाला समजावून सांगावे लागत नाही. ‘गजानन विजय’ ग्रंथाच्या २१ अध्यायांचे पारायण करणाऱ्याला ग्रंथ प्रमाण का, हा प्रश्न सहसा पडत नाही. ग्रंथ पाटावर आणि वाचणारा खाली, या मांडणीतच त्याचे उत्तर आलेले असते.

२/
याच वऱ्हाडात, अकोला-खामगावच्या बाजूला, एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांबरोबर आणखी एक ग्रंथ आला. तो म्हणजे मराठी बायबल. तो आणणाऱ्या प्रोटेस्टंट मंडळींचा दावा मोठा होता. धर्मगुरू, परंपरा, चर्चचे ठराव हे सर्व या ग्रंथाच्या खाली. अंतिम प्रमाण एकटा ग्रंथ. हा दावा मराठी भाषेत सर्वांत कसोशीने जगून पाहिला तो पंडिता रमाबाईंनी.

३/
आधी सिद्धान्त समजून घ्यावा. आपल्याकडे वेद अपौरुषेय मानले गेले. त्यांचा कर्ता कोणी मनुष्य नाही. ख्रिस्ती धर्मात शास्त्राला मानवी लेखक आहेत. लूक आहे, पौल आहे, त्यांच्या शैली वेगळ्या आहेत, आणि एकच प्रसंग चार शुभवर्तमानांत थोड्याफार फरकाने येतो. या माणसांनी देवाच्या प्रेरणेने लिहिले, अशी श्रद्धा आहे. लेखणी मानवाची, अधिकार देवाचा, असे हे दुहेरी नाते आहे.

४/
दुसरा फरक याहून महत्त्वाचा आहे. वेदाचे सामर्थ्य त्याच्या उच्चारात मानले गेले. स्वर चुकला तर मंत्र बिघडतो, म्हणून भाषांतराने वेद ‘वेद’ राहत नाही. येशू मात्र अरामी बोलत असे आणि त्याचे बोलणे टिकले ते ग्रीक भाषेत. म्हणजे ख्रिस्ती धर्माच्या मूळ ग्रंथातच संस्थापकाची वाणी बहुतांशी भाषांतरित होऊन आली आहे. भाषांतर ही या धर्माची नंतरची सोय नाही. त्याचा पायाच तसा आहे.

५/
मग ‘शास्त्र’ म्हणजे नेमके कोणते ग्रंथ? नव्या कराराच्या आजच्या २७ पुस्तकांची तंतोतंत यादी इ. स. ३६७ मध्ये अलेक्झांड्रियाच्या अथनेशियस या बिशपने आपल्या पत्रात दिली. प्रोटेस्टंट बायबलात एकूण ६६ पुस्तके आहेत, कॅथलिक बायबलात ७३. ग्रंथ चर्चहून श्रेष्ठ, हे मान्य केले तरी त्या ग्रंथाची अनुक्रमणिका माणसांनी, वाद घालून, काही शतकांत ठरवली, हा इतिहास पुसता येत नाही.

६/
सोळाव्या शतकात युरोप या प्रश्नावर फुटला. मार्टिन ल्यूथरचा जर्मन नवा करार १५२२ मध्ये छापून आला. १५४६ मध्ये ट्रेंटच्या परिषदेत कॅथलिक चर्चने उत्तर दिले, की शास्त्र आणि परंपरा दोन्ही सारख्याच आदराने स्वीकारावयाच्या. पुढे १५६४ च्या नियमांनुसार लोकभाषेतील बायबल वाचण्यासाठी बिशपची परवानगी आवश्यक झाली. ग्रंथ कोणाच्या हाती द्यावा, हा धर्माइतकाच सत्तेचाही प्रश्न होता.

७/
या भांडणाची सावली मराठीवरही पडली. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात रायतूर येथे छापले गेले. सुमारे ११,००० ओव्यांचा हा ग्रंथ बायबलमधील कथा मराठीत सांगतो. मात्र तो बायबलचे भाषांतर नाही. त्यात कथा पुराणाच्या थाटात श्रोत्यांपर्यंत आली, मूळ ग्रंथ चर्चच्या हाती राहिला. भाषेच्या दृष्टीने ते वैभव. पण श्रोत्याने मूळ ग्रंथ उघडून पाद्र्याला उलट प्रश्न विचारावा, अशी सोय त्यात नव्हती.

८/
ती सोय १८०५ मध्ये सुरू झाली. विल्यम केरी यांनी पंडितांच्या साह्याने केलेले मत्तयाच्या शुभवर्तमानाचे मराठी भाषांतर बंगालमधील श्रीरामपूरहून निघाले. १८१३ मध्ये अमेरिकन मराठी मिशन मुंबईत आले आणि त्यांनी आपले वेगळे भाषांतर हाती घेतले. त्यानंतर शतकभर संस्करणे होत राहिली. कारण उघड आहे. ‘एकटा ग्रंथ प्रमाण’ म्हटले की मधला पुरोहित जातो. पण त्याच्या जागी भाषांतरकार येऊन बसतो.

९/
आता रमाबाई. जन्म १८५८. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले म्हणून धर्मसभेपुढे त्यांना उत्तर द्यावे लागले. दुष्काळात आईवडील गेले. १८७८ मध्ये कलकत्त्यात वीस वर्षांच्या रमाबाईंच्या विद्वत्तेने पंडित थक्क झाले आणि त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या.

१०/
त्याच कलकत्त्यात केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेद वाचले आहेत का, असे विचारले. स्त्रीला तो अधिकार नाही, असे त्यांनी सांगितले. सेन यांनी वेदाची प्रत त्यांच्या हाती दिली. ज्या विदुषीचा सत्कार पंडितांच्या सभेत झाला, तिला तिच्याच धर्माचा सर्वोच्च ग्रंथ तोवर बंद होता. रमाबाईंच्या पुढील सर्व प्रवासाचे बीज या प्रसंगात आहे.

११/
पुढे सिल्चरला घरच्या ग्रंथसंग्रहात त्यांना लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली. १८८३ मध्ये इंग्लंडला वाँटेज येथील अँग्लिकन भगिनींच्या मठात राहत असताना त्यांनी बाप्तिस्मा घेतला. प्रचलित समजुतीनुसार कथा इथे संपते: एक ग्रंथ सुटला, दुसरा धरला. प्रत्यक्षात संघर्ष इथून सुरू होतो.

१२/
वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनहॅम महाविद्यालयाच्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी रमाबाईंचा मोठा पत्रव्यवहार झाला. त्रैक्य, चमत्कार, चर्चचा अधिकार या सर्वांवर त्या शंका घेत. चर्च सांगते म्हणून एखादे मत स्वीकारण्यास त्यांनी नकार दिला; शास्त्रात स्वतःला आढळेल तेच मानीन, ही त्यांची भूमिका. भारतातील पुरोहितांचे जोखड मोठ्या कष्टाने उतरवल्यावर तसेच दुसरे मानेवर घेणार नाही, या आशयाचे त्यांचे उत्तर प्रसिद्ध आहे.

१३/
प्रश्न केवळ तात्त्विक नव्हता. चेल्टनहॅमला रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, यावर मुंबई व लाहोरच्या बिशपांनी आक्षेप घेतला. उडुपीच्या धर्मसभेत आईच्या शिक्षणाविषयी उठलेला प्रश्न समुद्रापलीकडे मुलीच्या वाट्याला नव्या वेषात आला. अशा वेळी ‘शास्त्र सर्वांहून श्रेष्ठ’ हे वाक्य रमाबाईंच्या हातातील ढाल झाले. बिशपच्याही वर काहीतरी आहे आणि ते आपल्याला वाचता येते, हा त्याचा अर्थ.

१४/
ग्रंथप्रामाण्य म्हणजे बुद्धी गहाण टाकणे, असे समीकरण इतिहासप्रेमी तरुणांत फार सहज मांडले जाते. ते अपुरे आहे. ग्रंथाचा अधिकार माणसाला दडपतो की सोडवतो, हे तो ग्रंथ किती पवित्र मानला यावर ठरत नाही. तो कोणाला वाचता येतो आणि वाचणाऱ्याला प्रश्न विचारता येतो का, यावर ते ठरते.

१५/
रमाबाईंनी ही कसोटी स्वतःलाही लावली. उत्तरायुष्यात केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. प्रचलित भाषांतर संस्कृतप्रचुर आहे, आश्रमातील खेड्यापाड्यांतून आलेल्या स्त्रियांना ते समजत नाही, ही त्यांची तक्रार. संस्कृतची पंडिता संस्कृत शब्द बाजूला सारत होती, हे ध्यानात घ्यावे. छपाईही आश्रमातील छापखान्यात तिथल्याच स्त्रियांनी केली.

१६/
अनेक वर्षे हे काम चालले. १९२१ मध्ये कन्या मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, तेव्हा भाषांतराचे काम नुकतेच हातावेगळे झाले होते. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. मूळ भाषांतून संपूर्ण बायबल एकट्या स्त्रीने दुसऱ्या भाषेत आणावे, अशी उदाहरणे जगात मोजकीच आहेत.

१७/
दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तरुण रमाबाई शंका घेत. वृद्ध रमाबाईंची बायबलवरील श्रद्धा अक्षरनिष्ठ झाली होती. चर्चला विचारलेले प्रश्न त्यांनी ग्रंथाला त्याच धारेने विचारले नाहीत. शिवाय त्यांचे भाषांतर चर्चमध्ये रुळले नाही. बायबल सोसायटीचीच परंपरा पुढे चालली. ज्या स्त्रियांसाठी हे श्रम झाले, त्यांच्या मुलाबाळांनी दुसरेच मराठी बायबल वाचले.

१८/
आणि हा वाद मराठीला नवा होता काय? वऱ्हाडातच, आजच्या अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे, तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून ‘लीळाचरित्र’ रचले. ऐकणाऱ्या-पाहणाऱ्यांना विचारून, सांगणाऱ्यागणिक पाठभेद जपून. शुभवर्तमानांच्या अभ्यासकाला हे काम ओळखीचे वाटेल. केशिराजबास संस्कृतात लिहू लागले तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना थांबवले. त्याने आपल्या म्हाताऱ्या भाविक स्त्रिया वंचित होतील, ही त्यांची चिंता होती.

१९/
त्याच महानुभाव पंथाने पुढे आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद केले आणि शतकानुशतके ते बाहेरच्यांना वाचता आले नाहीत. म्हणजे लोकभाषा स्वीकारली म्हणून ग्रंथ कायमचा खुला होतो, असे नाही. दार उघडणारे आणि लावणारे एकाच परंपरेत सापडतात. ट्रेंटमध्ये तेच दिसते, रिद्धपुरातही.

२०/
म्हणून ‘ग्रंथात लिहिले आहे’ हे वाक्य कोणत्याही धर्माच्या नावाने कानी पडले, की इतिहासाच्या विद्यार्थ्याने तीन प्रश्न विचारावेत. ग्रंथात काय असावे, हे कोणी ठरवले? हे शब्द या भाषेत कोणी आणले? आणि तो उघडण्याचा अधिकार कोणाला नव्हता? श्रद्धावंताचा यात अपमान नाही. रमाबाई श्रद्धावंतच होत्या, आणि यातला शेवटचा प्रश्न त्यांनी जन्मभर सोडला नाही.

२१/
वरवट बकालच्या एखाद्या घरात आज पोथी असेल, कुठे बायबल असेल, कुठे कुराण, कुठे ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’. घरातली आजी तो ग्रंथ नुसता ऐकते, की नात तिला त्यातील ओळ वाचून दाखवते आणि मग दोघी त्यावर वाद घालतात? ग्रंथाचा अधिकार किती जिवंत आहे, हे त्या वादावरून कळते.