‘फक्त फॅमिलीला’ ही अट ‘बनवाबनवी’नंतरही का टिकली?

कारंजा (घाडगे)त बारावी झाली की पुढचं ठरलेलं असतं. हायवेवर एसटी पकडायची आणि नागपूर गाठायचं. ॲडमिशन होऊन जाते, खरी परीक्षा रूम शोधताना. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी आम्ही चौघं ‘रूम भाड्याने देणे आहे’च्या पाट्या वाचत उन्हात फिरलो. एका काकूंनी अर्धंच दार उघडून विचारलं, “लग्न झालं का?” मी तेव्हा अठराचा होतो.

‘अशी ही बनवाबनवी’ टीव्हीवर लागला की म्हणूनच मला त्या काकू आठवतात. सचिन पिळगांवकर दिग्दर्शित हा सिनेमा १९८८चा. त्याची कथा हृषीकेश मुखर्जींच्या १९६६च्या ‘बीवी और मकान’वरून घेतलेली. लक्ष्मीकांत बेर्डे आणि सचिन साडीत, हे सगळ्यांना पाठ आहे. साडी का नेसावी लागली, ते मात्र विसरलं जातं. पुण्यात चौघांना घर हवं होतं आणि लीलाबाई काळभोर जागा देणार होत्या फक्त जोडप्यांना!

कायदा काय म्हणतो? महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९च्या कलम ५५नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. केंद्राच्या २०२१च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घराचं डिपॉझिट जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या भाड्याइतकं ठेवलंय. पण तो नमुना आहे, राज्याने स्वीकारला तरच लागू. आणि एकट्या पोराला केवळ लग्न नाही म्हणून घर नाकारू नका, असं दोन्हीकडे कुठेच नाही.

मालकांची भीती अगदीच खोटी नाही. रात्री दोनला गाणी आम्हीही वाजवली, टाकीतलं पाणी आम्हीच संपवलं. मग अट आवाजाची घाला, पाण्याची घाला, पाहुण्यांची घाला आणि करारात लिहा. लग्नाचा आणि टाकीचा संबंध काय? तोंडी व्यवहारात पोरांचं डिपॉझिट बुडतं आणि मालकालाही भांडायला कागद नसतो.

आम्हाला रूम मिळाली ती थापेवरच. मित्राचे दादा-वहिनी पुढच्या महिन्यात राहायला येणार, असं सांगितलं. साडी कुणाला नेसावी लागली नाही, पण घरमालकीण वर्षभर विचारत होत्या, “वहिनी कधी येते रे?”