विम्याचा हप्ता भरण्याआधी

सोयाबीनचे पैसे हातात आले की कळमनुरी-औंढ्याच्या गावांत खाजगी आरोग्य विम्याचे एजंट येतात. घेऊच नका असं आम्ही म्हणत नाही. पण अंगठा उठवण्याआधी विचारा: बिनपैशाचा उपचार कोणत्या दवाखान्यात मिळणार, हिंगोलीत का नांदेडला? जुना आजार कधीपासून धरणार? कंपनी त्यासाठी 3 वर्षांपर्यंत थांबवू शकते. आणि पुढच्या साली पीक बुडालं, हप्ता मुदतीत भरला नाही, तर संरक्षण संपलं.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार आहे, हप्ता न भरता. रेशनकार्ड, आधार घेऊन योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राला गाठा. पैसे मागितले तर 155388 वर तक्रार करा.

ही योजनाही ठरावीक आजारांनाच लागू. तापाच्या गोळ्या ना ती देते, ना एजंट. त्याला उपकेंद्र उघडं पाहिजे, औषध हजर पाहिजे.

दुखणं आलं की आधी बैल जातो, मग जमीन गहाण पडते. लढून मिळवलेला पट्टा टिकवायचा तर दवाखान्याचा ठरावही ग्रामसभेत घ्या.