सायकलच्या दुकानांतील मराठी

सायकलच्या भागांचीं दुकानांत चालणारीं नांवें ग्राम्य व भ्रष्ट आहेत, सबब त्यांच्या जागीं संस्कृत प्रतिशब्द योजावे, असा आग्रह कांहीं शुद्धिवादी धरतात. आमच्या मतें या नांवांइतके उपयुक्त शब्द त्यांस घडवितां येणार नाहींत.

आंसाभोंवतीं फिरणाऱ्या पोलादी गोळ्यांस कारागीर 'छर्रे' म्हणतो. शब्द बंदुकीचा, परंतु ऐकतांच वस्तूचा आकार डोळ्यांपुढें उभा राहतो. फ्रीव्हीलच्या दांत्यांत अडकणाऱ्या खिट्टीस हिंदी मुलखांतील मिस्त्री 'कुत्ता' म्हणतो. धरलेलें न सोडणें हा तिचा धर्मच त्या नांवांत उतरला आहे. चाक डुगडुगूं लागलें म्हणजे एका बाजूच्या तारा आवळून व दुसऱ्या बाजूच्या सैल सोडून तें सरळ करावयाचें, ही सारी क्रिया 'आऊट काढणें' एवढ्यांत सामावते. उद्यां कोणी त्यास 'चक्रसमीकरण' म्हटलें, तर कोणती तार आवळावी हें त्यावरून कोणास कळणार आहे? 'ओव्हरहॉलिंग'चें 'ओव्हरऑइलिंग' झालें म्हणून सुशिक्षित हंसतात. पण सारे भाग सोडवून, पुसून, तेल देणें हेंच तें काम नव्हे काय? परक्या शब्दांत आपला अर्थ भरणें हें जिवंत भाषेचें लक्षण आहे.

सावरकरांचा 'महापौर' रुजला, हें आम्हांस मान्य आहे. परंतु तो कचेरीचा व वृत्तपत्राचा शब्द. तेथें लेखणी पुढें चालते. दुकानांत हात पुढें असतो व शब्द त्याच्या मागून येतो. 'दुचाकी'ची गत पाहा: आज वृत्तपत्रांत ती बहुधा स्कूटर वा मोटारसायकल असते, आणि सायकल ही सायकलच राहिली आहे.

हीं नांवें गांवोगांवीं बदलतात, हा आक्षेप खरा आहे. परंतु त्यावर उपाय तीं पुसणें नव्हे, नोंदणें हा आहे. कॉटर पिनेचा क्रँक मागें पडत चालला, तसे त्याच्या दुरुस्तीचे शब्दही जातील; आणि ज्या कारागिरांच्या तोंडीं ते आहेत, त्यांस कोशकारानें विचारावयास गेलें पाहिजे. आमच्या शुद्धिवादी मित्रांनीं नवे शब्द घडविण्यापूर्वीं वही घेऊन एक दिवस दुकानांत बसावें. भाषेची खरी सेवा तेथें अधिक घडेल.